भेग

रत्नागिरी,
१४ डिसेंबर

प्रिय बंड्या,

गणपतीत फोन करतो म्हणालो होतो, डिसेंबर निम्मा सरला. रागावला असशील तर हक्कानं रागव, पण पत्र पुरतं वाच. आईचे गुडघे आहेत तसेच, माझी शुगर आटोक्यात, बाकी खुशाल. झालं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आणि मास्तरांच्या डार्करूममध्ये त्या दिवशी आपण दोघंच होतो, म्हणून तुलाच लिहितोय.

मी लग्नांचे फोटो काढणं सोडलं. जानेवारीतल्या दोन लग्नांना शब्द दिलाय, ती करीन. पण तुळशीचं लग्न लागल्यापासून आलेले सगळे फोन मंग्याकडे वळवले. गेले दोन हिवाळे मी कातळशिल्पांचं, म्हणजे जांभ्यात कोरलेल्या जुन्या चित्रांचं, काम करणाऱ्या मंडळींबरोबर सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, फोटो काढायला जातोय. तू रत्नागिरी सोडलीस तेव्हा यातलं किती ठाऊक होतं आपल्याला? रिसबूड, मराठे ही माणसं गावोगाव हिंडली, गुराख्यांना विचारत फिरली, तेव्हा कुठे एकेक चित्र उजेडात आलं. २०२२ मध्ये त्यांतली काही ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीला अठरा मीटरांचा हत्ती आहे रे, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी जनावरं! आज कोकणात कुठेच न दिसणारा गेंडासुद्धा कोरलाय. उक्षीला आपण सड्यावर क्रिकेट खेळायला जायचो, त्या गावातही हत्ती आहे.

पहाटे पाचला निघायचं. सूर्य वर आला की अर्धा-पाऊण तास हातात. तिरपं ऊन खाचेच्या काठाला अडतं, खाच सावलीनं भरते आणि बघता बघता मासा दिसायला लागतो. अकराला त्याच जागी उभा राहा, नुसता जांभा. आयुष्यभर मी सावल्या मारत आलो. नवरीच्या नाकाखालची मार, मुंडावळ्यांची गालावर पडलेली मार. इथे सावली हेच चित्र. आभाळ असलं तर अंधार पडू देतो, फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून जमिनीलगत धरतो आणि एकेका बाजूनं मारतो. लग्नात तीन-तीन हजार क्लिक व्हायचे, इथे सकाळभरात वीस. ट्रायपॉड, एफ अकरा, आयएसओ शंभर, फ्रेममध्ये मीटरची पट्टी आणि उत्तरेचा बाण. त्याआधी मऊ केरसुणीनं खाचेतली माती आणि वाळकं गवत काढायचं. तू असतास तर हत्तीला 'हनुवटी जरा वर घ्या' म्हणाला असतास, मेल्या.

आता मूळ गोष्ट. गेल्या महिन्यात राजापूरकडच्या एका सड्यावर मी माशाचा फोटो काढला. फार सुरेख आला. रात्री कॉम्प्युटरवर बसलो, रंग सारखे केले, फाइल पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या अभ्यासक बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "दादा, शेपटीजवळची भेग कुठे गेली?"

मी ती पुसली होती. शेपटीपासून कडेपर्यंत गेलेली वीतभर भेग, केसाएवढी. नवरीच्या गालावरची पुटकुळी काढतो तशी काढली आणि काढल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं! बाई चिडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "जवळच चिरेखाण आहे. ही भेग दरवर्षी किती वाढते ते आपल्याला याच फोटोंवरून बघायचंय." बंड्या, फोन ठेवला आणि बराच वेळ मी तसाच बसून राहिलो.

त्र्याण्णव साल आठवलं, मास्तरांची डार्करूम. स्थळासाठी फोटो काढायला आलेली ती मुलगी, गालावर भाजल्याचा डाग. तू फोर-एच पेन्सिलीला सुईसारखं टोक काढलंस, निगेटिव्हला औषध चोळलंस आणि डोळ्याला भिंग लावून दुपारभर टचिंग करत बसलास. प्रिंट निघाली तर गाल स्वच्छ. मी तुला काय नाही ते बोललो. फसवणूक म्हणालो, मुलाकडच्यांच्या डोळ्यांत धूळ म्हणालो. तू एवढंच म्हणालास, "तिचा बाप हात जोडून उभा होता रे." शिमग्यापर्यंत आपण बोललो नव्हतो.

आणि नंतर वीस वर्षं मी काय केलं? डिजिटल आलं आणि मी रोज तेच केलं. तीळ काढले, व्रण काढले, सासवांच्या गळ्यावरच्या सुरकुत्या काढल्या. माझ्यापुढे कुणी हातसुद्धा जोडले नव्हते. पॅकेजमध्येच होतं ते. जिल्हाभर कपाटांत माझे अल्बम आहेत, ते चेहरे खोटे म्हणायचे का? मला तसं वाटत नाही. मग त्या मुलीचा तरी का म्हणालो? तुझं तेव्हा चुकलं नव्हतं असंही मन पुरतं मानत नाही. तिला बघायला मुलगा आला असेल तेव्हा तिला काय वाटलं असेल, हे अजून मनात येतं. पण मी तुला जे बोललो ते बोलण्याचा मला अधिकार नव्हता. त्याबद्दल माफ कर.

हिला पैशांची काळजी आहे. खरीच आहे, सीझनच्या पाच महिन्यांत आमचं वर्ष निघायचं. मला भीती निराळी वाटते. बावन्नाव्या वर्षी हाताची खोड जाते का रे? आता रोज रात्री मूळ फाइल शेजारी उघडून एकेक इंच ताडून बघतो आणि मगच पाठवतो. त्या सड्यावर परत जाऊन फोटो पुन्हा काढला. या खेपेला फ्लॅश मुद्दाम भेगेच्या आडवा धरला. शेपटीपाशी ती दोन फाटे फुटून गेलीय, आधी दिसलंच नव्हतं.

तू स्टुडिओ भाड्यानं दिलास असं कळलं. बरं केलंस. वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन झालं का? लेकीचं कॉलेज कसं चाललंय? सगळं सविस्तर कळव.

मास्तरांची निगेटिव्हांची पत्र्याची पेटी तू नाशिकला नेलीस. त्या मुलीच्या आपण दोन निगेटिव्ह काढल्या होत्या, दुसरीला तू हात लावला नव्हतास. ती सापडली तर घेऊन ये. फेब्रुवारीत ये, मार्चनंतर कातळ तापतो. पहाटे पाचला उठवीन, कुरकुरायचं नाही.

तुझा,
सुऱ्या