विषय: ‘कम्पॅटिबल’ म्हणून विकलेला, पण सुरूच न झालेला गेमिंग पीसीचा संच

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

तुमच्या कस्टमर केअरचा फोन आत्ताच ठेवला. मदरबोर्डचं बायोस, म्हणजे पीसी सुरू होताना सर्वात आधी चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, मी बाहेरच्या दुकानात अपडेट करून घेतलं, त्यामुळे त्याच्या वॉरंटीबद्दल आता ‘काही सांगता येणार नाही’, असं उत्तर मिळालं. तुम्ही विकलेला संच चालत नव्हता, तो मी पदरचे पैसे घालून चालता केला, आणि गुन्हेगार मीच. म्हणून आता लेखी.

ऑर्डर तुमच्यासमोर असेलच. रायझन 5 5600 प्रोसेसर, बी450 चिपसेटचा मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर4 रॅम, आरएक्स 6600 ग्राफिक्स कार्ड आणि 550 वॅटचा पॉवर सप्लाय. 1080पीवर गेम खेळायला यापेक्षा जास्त लागत नाही. एएम5 हे नवं सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) घ्यायचं तर बोर्ड महाग आणि वर डीडीआर5 रॅमचा खर्च, म्हणून आधीचं एएम4. बोर्ड मी बी550 निवडला होता. तुमच्या पानाने मध्येच ‘पैसे वाचवा’ म्हणत बी450 पुढे केला आणि शेजारी हिरवी खूण दाखवली: सर्व भाग कम्पॅटिबल.

बी450 हा 2018 चा. रायझन 5 5600 बाजारात आला एप्रिल 2022 मध्ये. सॉकेट तेच, त्यामुळे प्रोसेसर बसतो छान; पण बोर्डावरचं बायोस जुनं असेल तर बोर्ड त्याला ओळखतच नाही. हे मी तुम्हाला सांगायला नको, धंदा तुमचा आहे. मला आलेल्या बोर्डाच्या खोक्यावर ‘रायझन 3000 डेस्कटॉप रेडी’ असा स्टिकर आहे. 5000 नव्हे, 3000. फोटो जोडलाय. पॅकिंग करणाऱ्याच्या नाकासमोर तो स्टिकर होता.

बटण दाबलं, पंखे फिरले, बोर्डाच्या कडेला ‘सीपीयू’ या अक्षरांशेजारचा बारीक लाल दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. स्क्रीनवर काही नाही.

त्यानंतरच्या फोनवरचं बोलणं मुद्दाम सविस्तर लिहिते. ते रेकॉर्ड होतंय असं तुमचंच यंत्र सांगत होतं, तेव्हा काढून ऐका.

मी लाल दिव्याचं सांगितलं. प्रश्न आला, “मॅडम, विंडोज टाकलंय का?” म्हटलं, स्क्रीनवर एक अक्षर येत नाही, विंडोज कुठे टाकू? “मग मॉनिटरची केबल कार्डातून काढून मदरबोर्डला लावून बघा.” 5600 ला स्वतःचं ग्राफिक्स नाही, ते 5600जी ला असतं; हेही मीच सांगितलं. होल्ड. बासरी. मग, “मॅडम, बायोस अपडेट करावं लागेल. पीसी चालू करून बायोसमध्ये जा...” अहो, चालू होत नाही म्हणूनच तर फोन केलाय! आणि प्रोसेसर न ओळखता बायोस टाकायचं बटण या बोर्डाला नाही. पलीकडे दोन क्षण काहीच नाही, आणि मग हे वाक्य: “मॅडम, घरात कॉम्प्युटरमधलं कळणारं कोणी आहे का? मिस्टर किंवा भाऊ? त्यांना द्या ना फोन, पटकन होईल.”

कुलरचे चारही स्क्रू मी आवळलेत. केबल मी ओवल्यात. भागांची यादी माझी, पैसे माझे. मिस्टर तेव्हा कुकर लावत होते. फोन दिला असता तर शिट्ट्या किती झाल्या तेवढं नक्की सांगितलं असतं त्यांनी.

परत घ्या म्हटलं, तर ‘प्रोसेसरचं सील फुटलंय’. सील न फोडता प्रोसेसर बोर्डात कसा बसवायचा, याचा एखादा व्हिडिओ टाका. मी पहिली बघेन.

शेवटी सगळं पिशवीत घालून मुंबईतला कॉम्प्युटरच्या भागांचा बाजार, लॅमिंग्टन रोड, गाठला. दुकानदाराने स्टिकरकडे एकदा पाहिलं, ड्रॉवरमधून जुनं बायोस ओळखेल असा जुना प्रोसेसर, रायझन 3 2200जी, काढला, तो बसवून पेनड्राइव्हवरून नवं बायोस टाकलं आणि माझा 5600 परत लावून दिला. पाचशे रुपये. मिस्टरांची चौकशी केली नाही. जे काम त्या माणसाने काउंटरवर उभ्या उभ्या केलं, ते बोर्ड पाठवण्याआधी तुमच्या गोदामात का होऊ नये? आणि होत नसेल तर ती हिरवी खूण कशाच्या जोरावर?

ऑफिसात कोणी पीसी बांधायचा म्हटलं की आजवर मी तुमचंच नाव सांगायचे. यापुढे नाही.

मला पाचशे रुपये परत हवेत, वॉरंटी शाबूत असल्याचं लेखी हवं, आणि त्या वाक्याबद्दल माफी हवी, ‘गैरसोयीबद्दल दिलगीर’ या छापील ओळीत नव्हे. बायोस तपासल्याशिवाय ती हिरवी खूण दाखवणं बंद करा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार करीन आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तिथे माझ्या राहत्या जिल्ह्यात दावा लावता येतो, आणि एवढ्या रकमेला शुल्कही नाही. उत्तर ईमेलवरच द्या. तुमचा फोन मला आता नको.

कळावे,
एक ग्राहक (ऑर्डर क्रमांक ईमेलच्या विषयात आहे)

ता. क. आरटीएक्स 3050 नावाने तुम्ही दोन वेगळी ग्राफिक्स कार्डं एकाच फोटोखाली विकताय. 8 जीबीच्या कार्डात 2560 कोअर आणि 128 बिटची बस, 6 जीबीच्या कार्डात 2304 आणि 96 बिट. तुमच्या पानावर मेमरीचा आकडाच नाही, हिरवी खूण मात्र तिथेही आहे. पुढचं गिऱ्हाईक फसायच्या आत तेवढं तरी दुरुस्त करा.