तिसरा रकाना रिकामा ठेवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

आठवडाभर अडलेला रिपोर्ट काल संध्याकाळी बरोबर आला आणि पहिली आठवण तुमची झाली. समोर उभं राहिलं की मला बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

डेटाबेसमधल्या मशीनच्या नोंदी वेळेनुसार लावलेल्या होत्या: चालू, चालू, बंद, बंद, बंद, चालू, चालू. स्थिती बदलली की क्रमांक पुन्हा १ पासून सुरू व्हावा, एवढंच मला हवं होतं. पण क्वेरीच्या पार्टिशन बायमध्ये, म्हणजे ओळी कशानुसार गटांत मोजायच्या ते सांगणाऱ्या भागात, स्थिती घातली की सहाव्या ओळीला १ ऐवजी ३ यायचा. मधे बंद आलं तरी सगळ्या चालू ओळी एकाच गठ्ठ्यात मोजल्या जायच्या.

तुमच्याआधी तिघांना विचारलं होतं. एकाने "बेसिक पक्कं कर" म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्याने प्रश्न पुरता न वाचता मी चुकीची म्हणून दाखवलेली क्वेरीच परत पाठवली. तिसऱ्याने कर्सर लावून एकेक ओळ फिरवायला सांगितलं. असे क्रमांक एकाच क्वेरीत देणारी विंडो फंक्शन्स डेटाबेसच्या भाषेच्या, एसक्यूएलच्या, २००३ च्या मानकात आलेली असताना! एखाद्याला उत्तर येत नसेल तर नसेल, त्याचा राग नाही. पण विचारणाऱ्याला खुळ्यात का काढायचं?

तुम्ही आधी एवढंच म्हणालात, "सलग ओळींचे गट ओळखायच्या या प्रश्नाला गॅप्स अँड आयलंड्स म्हणतात, इथे पुष्कळ जण अडकतात." तिथेच माझा अर्धा जीव भांड्यात पडला. मग कागद ओढून सात ओळी लिहिल्यात. शेजारी सलग क्रमांक, १ ते ७. त्याच्या शेजारी स्थितीनुसार क्रमांक: १, २, १, २, ३, ३, ४. तिसरा रकाना आखून वर "वजाबाकी" लिहिलंत आणि पेन माझ्या हातात दिलंत.

०, ०, २, २, २, ३, ३.

सहाव्या ओळीशी माझा हात थांबला. सलग ओळींत दोन्ही क्रमांक एकेकाने वाढतात म्हणून फरक तोच राहतो. मधे दुसरी स्थिती येऊन गेली की तो बदलतो. हे सांगायला तुम्हाला दहा सेकंद लागली असती. तुम्ही गप्प बसलात आणि ते मला सापडू दिलंत. ताई, हे पत्र त्या गप्प बसण्यासाठी आहे.

फक्त फरकावर विसंबू नये, हेही तुम्ही तीन ओळींत दाखवलंत. चालू, बंद, चालू. फरक ०, १, १. बंद आणि चालू एकाच गटात! म्हणून शेवटी क्रमांक देणाऱ्या रो नंबर फंक्शनच्या पार्टिशनमध्ये स्थिती आणि फरक दोन्ही हवेत.

येतं त्याचा तोरा न मिरवता शेजारी बसणारी माणसं भेटतात, तेव्हा कामावर यावंसं वाटतं.

आज सकाळी एकाच वेळेच्या दोन नोंदींनी पुन्हा घोळ घातला. दोन्ही क्रमांकांच्या ऑर्डर बायमध्ये, म्हणजे ओळींचा क्रम ठरवणाऱ्या भागात, वेळेनंतर नोंदीचा आयडी जोडला आणि तो सुटला. क्वेरीला हात लावण्याआधी मी कागदावर रकाने आखले होते.

तुमची कृतज्ञ,
पलीकडच्या टीममधली