दिंडीला शिऱ्याआधी शुद्ध पाणी हवे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आषाढी जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या दिंड्या पंढरीच्या वाटेला लागतात. अन्नदानात आपली गावे कधीच हात आखडता घेत नाहीत. शिरा, उप्पीट, केळी, चहा. एकाच चौकात तीन-तीन मंडप लागतात. पुढचे गाव येईपर्यंत मात्र प्यायच्या पाण्याचा पत्ता नसतो. त्यातला एक मंडप दोन गावांच्या मध्ये न्यावा आणि तिथे फक्त पाणी ठेवावे, अशी दात्यांना कळकळीची विनंती.

चालणाऱ्या माणसाला तासाला साधारण अर्धा लिटर पाणी लागते. 200 जणांची दिंडी पाच तास चालली, तर नुसते प्यायलाच 500 लिटर. टेम्पोवर 1000 लिटरची टाकी बसवली की दिवस निभावतो.

पण टाकी भरून काम संपत नाही. पहिल्या पावसात कृष्णा, वेदगंगा, हिरण्यकेशी गढूळ होतात, उघड्या विहिरींत रानातले पाणी उतरते. अशा पाण्यात जंतू मारायची टीसीएल पावडर (क्लोरीनयुक्त चुना) गाळावरच खर्ची पडते. म्हणून आधी तुरटी फिरवावी आणि वरचे निवळ पाणीच टाकीत घ्यावे. 1000 लिटरला 5 ग्रॅम पावडर पुरते. ती थेट टाकू नये. बादलीत कालवावी, चुना तळाला बसला की वरची निवळी तेवढी ओतावी आणि अर्धा तास थांबावे. घोळ होतो तो इथेच. दिंडी दारात आल्यावर पावडर पडते, उग्र वास येतो, वारकरी ते पाणी ओतून देतात आणि शेजारच्या विहिरीवर जातात. पावसाळी हवेत उघडी राहिलेली पावडरही निकामी होते, तेव्हा डबा घट्ट झाकणाचा हवा.

पहाटे शिजवलेला भात टेम्पोत झाकून ठेवला की दुपारपर्यंत बिघडतो आणि निम्मी दिंडी जुलाबाने बेजार होते. त्यापेक्षा आपल्याकडची कडक भाकरी आणि शेंगाचटणी द्यावी, ती कित्येक दिवस टिकते. एकादशीला भगरीचे सुटे पीठ नको, त्याला बुरशी लवकर धरते. अख्खी भगर निवडून, धुऊन शिजवावी. जुलाब लागलेच तर 1 लिटर शुद्ध पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजावे.

चिकोडी, अंकलीमार्गे मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या ग्रामपंचायतींनी पिण्यायोग्य नळ कोणता, याची पाटी मराठी आणि कन्नडमध्ये गावाच्या वेशीवरच लावावी.

– एक वारकरी, चिकोडी