सागरगोट्यांना मंचावरून खाली उतरवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

श्रावण आला की शाळांतून आणि गृहसंकुलांतून पारंपरिक खेळांचे महोत्सव भरतात व त्यांत सागरगोट्यांनाही आवर्जून स्थान मिळते. हेतू चांगला आहे. परंतु मंच, ध्वनिक्षेपक आणि पंच नेमून घेतलेल्या या स्पर्धांनी हा खेळ मुलांच्या हातांत रुळेल, असे मला वाटत नाही.

सागरगोटे हा मुळात दोघी-तिघींनी भुईवर बसून खेळण्याचा खेळ आहे. एक गोटा वर उडवायचा, तो खाली येऊन झेलण्याआधी जमिनीवरचे गोटे प्रथम एकेक, मग दोन-दोन, तीन-तीन असे उचलायचे आणि उचलताना शेजारचा गोटा हलला की डाव गेला, एवढेच त्याचे शास्त्र. गोटा खरोखर हलला की नाही, याचा निवाडा मात्र खेळणाऱ्यांनीच करायचा असतो. माझ्या बालमैत्रिणीबरोबर कोकणातल्या आमच्या ओटीवर पावसाळी दुपारी खेळताना निम्मा वेळ या वादातच जाई; तिला हललेला दिसलेला गोटा मला कधीच दिसत नसे, आणि तरीही डाव मोडत नसे. पंच आला की नेमके हेच संपते.

ब्रिटिश म्युझियममध्ये इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीचे भाजलेल्या मातीचे एक शिल्प आहे. त्यात दोन स्त्रिया समोरासमोर उकिडव्या बसून जनावरांच्या घोट्याच्या हाडांनी असाच खेळ खेळत आहेत. तिसरे कोणीही नाही.

महोत्सवांत वाटले जाणारे प्लास्टिकचे गोटे हलके असतात आणि फरशीवर उसळून भलतीकडे जातात. काटेरी वेलीच्या शेंगेतले राखाडी, टणक बी हाताला वेगळेच लागते. (ते फरशीवर घासून दुसऱ्याला चटका देण्याचा उद्योग वर्गातली मुले करीत, हेही नमूद केले पाहिजे.)

म्हणून शाळांना विनंती आहे की त्यांनी बक्षिसांच्या खर्चातून प्रत्येक वर्गासाठी मूठ-दोन मुठी खरे सागरगोटे घ्यावेत. काष्ठौषधींच्या दुकानांत ते आजही मिळतात. पावसामुळे मैदान बंद असेल तेव्हा मधल्या सुट्टीत व्हरांड्याचा कोरडा कोपरा मुलींना, आणि हवा असल्यास मुलांनाही, मोकळा ठेवावा व शिक्षकांनी तिकडे फिरकू नये.

आपली,
एक वाचक, रत्नागिरी