फराळाचा चुरा आणि कटाची मिसळ

संपादक साहेब, स.न.वि.वि.

दिवाळी झाली की तुमच्या पुरवणीत उरलेल्या फराळाच्या रेसिप्या येतात, मी वाचते दरवर्षी, यंदा चकलीचा पिझ्झा होता आणि करंजीचा चीजकेक. आता मला सांगा, डब्यातला चुरा संपवायला आधी बाजारातनं चीज आणायचं, मग वाचलं काय ओ?

आमच्याकडं पाडव्याला पुरणपोळी असते, म्हणजे कटाची आमटी आलीच, हरभऱ्याची डाळ शिजवून वरचं पाणी काढतो ना त्याची, आणि ती कायम पातेलंभर उरते. आता कोल्हापुरात कट म्हटलं की लोकांना मिसळीचा कट आठवतो, तिथनंच मला सुचलं, हा कट तो कट करून टाकू! नैवेद्याच्या आमटीत कांदा-लसूण नसतो आणि गूळ असतो, म्हणून दुसऱ्या दिवशी तेलात कांदा, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण आणि आपली कांदा-लसूण चटणी सढळ हातानं परतायची, मग आमटी ओतायची आणि वर तर्री येईपर्यंत उकळायची. मटकी आधीच मोड आणून ठेवलेली. खाली उसळ, वर फराळाचा चुरा, म्हणजे तुटक्या चकल्या, शेवेचा भुगा आणि चिवडा, ज्यातले शेंगदाणे-खोबरं पोरांनी कधीच वेचून खाल्लेलं असतं. वरनं कट, कांदा, लिंबू. सोबत स्लाइस ब्रेड, पावाचं नाव काढायचं नाही.

मीठ मात्र जपून, चिवडा-चकलीत असतंच, उसळीत निम्मंच घाला. आणि कट अगदी खायला बसताना ओतायचा, दहा मिनिटं ठेवलं की चकलीचा लगदा होतो.

एका वर्षी माझी फजिती झाली, डब्याच्या तळाची चकली खवट झालेली आणि मी वास न घेताच घातली, सासूबाईंनी एक घास खाल्ला, चमचा खाली ठेवला आणि नुसतं माझ्याकडं बघितलं. तेव्हापासनं चुरा तळहातावर चोळून हुंगल्याशिवाय घालत नाही. आमटी पण रात्रीच फ्रीजमध्ये, बाहेर राहिली की आंबते.

गोड शंकरपाळी बाजूला काढायची, ती दुधात जातात. धाकटे भावजी मिसळीत पण घालतात आणि लई भारी म्हणतात, पण ते कशालाही लई भारी म्हणतात.

पुढच्या दिवाळीला चीजकेकच्या जागी हे छापा. चटणी किती चमचे ते तेवढं विचारू नका, प्रत्येकाच्या बरणीतली वेगळी असते.

तुमची एक वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर