औंधची चित्रे औंधलाच असावीत

सातारा

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

औंधच्या श्री भवानी चित्रसंग्रहालयातील चित्रे मुंबईला नेल्यास त्यांची निगा चांगली राहील आणि ती अधिक लोकांना पाहता येतील, असे तू लिहिले आहेस. निगेविषयीची तुझी काळजी रास्त आहे, कारण दमट आणि कोरड्या हवेच्या फेऱ्यात तैलचित्राचे कापड ताणले-सैलावले जाऊन रंगाला तडे जातात. मात्र तुझा दुसरा मुद्दा मला मुळीच मान्य नाही.

औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. 1938 साली त्यांनी हे संग्रहालय यमाईच्या डोंगरावर, मूळपीठाला जाण्याच्या वाटेवर उभारले आणि पुढच्याच वर्षी राज्यघटना देऊन संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती सोपवला. मला ही दोन्ही कामे एकाच वृत्तीतून झालेली वाटतात. पौषातल्या यात्रेला आलेली खटाव-माणमधली कुटुंबे देवीचे दर्शन घेऊन उतरताना तिथे डोकावतात. चित्रे पाहण्यासाठी म्हणून त्यांतली किती माणसे मुंबईची वाट धरतील?

रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी आणि सरस्वती आपल्याकडे घरोघरी पोचली, पण त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेले चित्र औंधला समोरासमोर पाहता येते. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मी तिथे नेतो तो त्यासाठीच. मागच्या खेपेस सातवीतली एक मुलगी एका तैलचित्रातल्या मोत्याच्या माळेजवळ बराच वेळ उभी होती. लांबून टपोरा दिसणारा मोती जवळून पाहिल्यावर म्हणजे करड्या रंगावर टेकवलेला पांढरा ठिपका आहे, हे तिचे तिलाच उमगले आणि तिने बाकीच्यांना हाका मारून ते दाखवले. इतकी वर्षे फळ्यावर छायाप्रकाश शिकवूनही जे मला साधले नव्हते, ते त्या चित्राने क्षणात साधले. हेन्री मूर या इंग्लिश शिल्पकाराचे दगडातले आई-मुलाचे शिल्पही तिथेच आहे. जगातली नामांकित संग्रहालये ज्याची शिल्पे मिरवतात, त्याचे काम आपल्या दुष्काळी तालुक्यातल्या पोरांना एसटीने जाऊन पाहता येते, याचे मोल येणाऱ्यांची डोकी मोजून कसे ठरवणार?

संग्रहालय आज राज्य शासनाच्या ताब्यात आहे. निगा राखणारी जाणती माणसे औंधला यावीत, चित्रांखाली मराठीत चार ओळींची माहिती असावी आणि आसपासच्या शाळांची वर्षातून एक सहल तरी तिथे जावी, यासाठी आम्ही काही कलाशिक्षक अर्ज तयार करीत आहोत. जुन्या चित्रांचे जतन हाच तुझा अभ्यासाचा विषय आहे, तेव्हा उजेड, धूळ आणि दमटपणा यांविषयी नेमके काय मागावे, ते मुद्देसूद लिहून पाठव. दिवाळीपूर्वी अर्ज द्यायचा आहे.

तुझा,
बाबा