३८ हजारांचं मॉड्युल बदललं, बिघाड प्लगमध्ये निघाला

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: एबीएसचं (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) मॉड्युल, म्हणजे कंट्रोलचा डबा, गरज नसताना बदलून ३८,४०० रुपये घेतल्याबद्दल

नमस्कार,

मी डिचोलीचा, गाडी तुमची, साडेचार वर्षं झाली, वॉरंटी संपून गेली. तुमच्या टोल फ्री नंबरवर तीनदा बोललो, तिन्ही वेळा "४८ तासात कॉल येईल" म्हणाले, अजून यायचाय, म्हणून आता लेखीच देतो.

जूनमध्ये पाऊस धरला आणि डॅशबोर्डवर एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग असे तीन दिवे एकदम पेटले. दहा मिनिटांनी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी परत. तुमच्या सर्व्हिस सेंटरला नेली तर पोराने टॅब जोडला, बिघाडाचा यू०१२१ कोड दाखवला, क्लिअर केला, ५९० रुपये घेतले आणि "सेन्सर ओला झाला असेल" म्हणून पाठवून दिलं. चार दिवसांनी चोर्ला घाटात, धुकं, पाऊस, मागे आई बसलेली, आणि तिन्ही दिवे परत चालू. एबीएस नसलं तरी ब्रेक लागतो हे मला माहीत आहे हो, पण ओल्या उतारावर चाक लॉक झालं तर स्टिअरिंग फिरवून काय उपयोग, आणि वर एअरबॅगचाही दिवा, म्हणजे वेळ आली तर ती उघडेल की नाही कोण सांगणार.

परत नेली. या वेळी अॅडव्हायझरने मॉड्युलच गेलंय सांगितलं. मी विचारलं वायरिंग बघितलं का, तर म्हणे "सर, सिस्टम स्पष्ट दाखवते." बदललं. ब्लीडिंगचे (ब्रेकच्या ऑइलमधली हवा काढायचे) वेगळे धरून ३८,४००. अकरा दिवस गाडी एकदम बरी, बाराव्या दिवशी पाऊस आणि तेच तीन दिवे. परत गेलो तर आता एअरबॅगचं मॉड्युल बदलूया म्हणतात!! तिथून मी गाडी उचलली ती सरळ फोंड्याला एका मेस्ताकडे (मेकॅनिककडे), त्याच्याकडे एक जुना स्कॅनर आणि मल्टिमीटर, बस्स.

त्याने कोड वाचले आणि पहिला प्रश्न केला, हा कोड लिहिलाय कोणी? इंजिनच्या मॉड्युलने लिहिलाय, स्टिअरिंगच्या, एअरबॅगच्या. तिघांचं म्हणणं एकच, एबीएसकडून निरोप येत नाही. म्हणजे हे तिघे आपसात नीट बोलतायत. शेजारी म्हणतात अमका दार उघडत नाही, म्हणून अमका मेला असं धरून तेरावं घालायचं का? कडी अडकली असेल, लाईट गेली असेल, आधी ते बघायचं ना.

मग बॅटरीची वायर काढून थोडा वेळ थांबला (एअरबॅगच्या पिवळ्या प्लगांना हात लावू नको म्हणून मलाही दटावलं) आणि स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटात ६ आणि १४ नंबरवर मीटर लावला. कॅनच्या, म्हणजे ही मॉड्युलं ज्यांवरून आपसात बोलतात त्या दोन वायरींच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, दोन्ही जाग्यावर असले की मीटर ६० दाखवतो. ६० आले. मग मला मीटरकडे बघायला सांगून त्याने बॉनेटखाली एबीएसच्या प्लगजवळ वायरचा जुडगा हळूच हलवला, ६० चे १२० झाले, सोडला परत ६०. आमच्या गाडीत एक रेझिस्टर एबीएसच्या मॉड्युलच्या पोटातच आहे, त्यामुळे तिथली वायर सुटली की १२०. मी स्वतः चार वेळा हलवून बघितलं, राग येत होता आणि मजाही वाटत होती.

प्लग उघडला तर लॉकची लिव्हर अर्धीच बसवलेली, आत पाणी आणि कॅनच्या दोन्ही पिनांवर हिरवा गंज. पॉवर आणि अर्थ त्याने बल्ब लावून तपासले, झकास पेटला. म्हणजे नुसत्या दोन पिना! आणि ते अकरा दिवस बरे का गेले, तर मॉड्युल बदलताना तुमच्या माणसाने प्लग काढून परत घातला, त्यात पिना घासल्या गेल्या आणि काही दिवस कॉन्टॅक्ट मिळाला. जुन्या मॉड्युलवरही तेवढंच झालं असतं, फुकटात. गंज आधीचा असेल, पण लिव्हर अर्धी सोडली ती तुमच्याच माणसाने, तो प्लग शेवटचा त्यानेच लावलाय.

मेस्ताने पिना बदलल्या, लिव्हर नीट बसवली, ९०० रुपये घेतले. त्याला दीड महिना झाला, चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं सामान भरून भर पावसात हिंडलो, एकही दिवा नाही.

एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे, म्हणजे तुमच्याकडे हे काम रोजचं. तरी मॉड्युल बदलायच्या आधी पाच मिनिटं मीटर लावायला काय जातं? बिलात "डायग्नोसिस" म्हणून १,२०० रुपये वेगळे लावलेत, त्यात नेमकं काय तपासलं ते मला लेखी हवंय, दोन्ही वेळच्या स्कॅनचे प्रिंट आणि जॉब कार्डसकट. ३८,४०० आणि डायग्नोसिसचे १,२०० परत करा. आणि माझं जुनं मॉड्युल कुठे आहे? बिलावर "पार्ट ग्राहकास परत" असं छापलंय, मला कोणी काही दिलेलं नाही. ते चालू स्थितीत असणार याची मला खात्री आहे, म्हणून ते आधी पाठवा.

१५ दिवस वाट बघतो, नंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि मग ग्राहक आयोग.

सोबत तुमची दोन्ही बिलं, गंजलेल्या पिनांचा फोटो आणि मीटरवर ६० चे १२० होतात तो व्हिडिओ. मेस्ताचं बिल वहीच्या पानावर आहे, पण त्यावर काय केलं ते तीन ओळीत लिहिलंय.

आपला,
एक ग्राहक, डिचोली